रीळ बदलतंय, कुणी उठू नका

आमच्या लालबागच्या चाळीत गणपतीचे दहा दिवस म्हणजे सकाळ-संध्याकाळ आरती, दुपारी बायकांचं हळदीकुंकू, पोरांच्या चित्रकला आणि लिंबू-चमचा, एक दिवस सत्यनारायण, आणि रात्री पिक्चर. खरं सांगू का, आम्हा पोरांसाठी बाकीचं सगळं म्हणजे पिक्चरची रात्र येईपर्यंतचा टाइमपास होता. दोन बिल्डिंगींच्या मधल्या गल्लीत पहिल्या माळ्याच्या कठड्यांना दोऱ्या बांधून पांढरं कापड ताणायचं, खाली आडवा बांबू, वाऱ्याने कापड फुगू नये म्हणून बांबूला दोन विटा टांगायच्या, आणि इस्त्रीवाल्याचं टेबल मधोमध आणून त्यावर १६ एमएमचं मशीन. लाइट तळमजल्यावरच्या ज्या खोलीतून घ्यायचा तिथल्या काकू दर वर्षी म्हणायच्या की बिल माझ्याकडे येतं हो, आणि दर वर्षी द्यायच्या.

पडदा गल्लीच्या मधे असल्यामुळे पब्लिक दोन्हीकडे बसायचं. आमची खोली मागच्या बाजूला, त्यामुळे लहानपणीचे निम्मे पिक्चर मी उलटे बघितलेत. पाट्या उलट्या, नावं उलटी, डावखुरा अमिताभ आमच्याकडून उजवा. पण मागे बसण्याचा एक फायदा होता, कापड पातळ होतं आणि पिक्चर काळोखाचा झाला की पलीकडे बसलेल्यांची डोकी अंधुक दिसायची, मशीनच्या उजेडात. मी कधी पिक्चर बघायचो, कधी पिक्चर बघणारी माणसं. नंतर मंडळाने मला ऑपरेटरच्या हाताखाली दिला, म्हणजे काय तर भाद्रपदातला पाऊस आला की मशीनवर छत्री धरायची, आणि मी कायमचा पुढच्या बाजूला आलो.

ऑपरेटरला सगळे अण्णाच म्हणायचे. मूळचे साताऱ्याकडचे, गणपती-नवरात्रात रोज एका मंडळाचं बुकिंग. माणूस बोलायचा कमी पण पिक्चरबद्दल जे बोलायचा ते मी नंतर कुठल्याही जाडजूड परीक्षणात वाचलं नाही. त्यांचं एक गणित होतं. १६०० फुटांचं रीळ साधारण पाऊण तास चालतं, मशीन एकच, म्हणजे पाऊण तासाने पिक्चर थांबणारच, दिवा लागणार, अण्णा नवीन रीळ चढवणार, फिल्म दातऱ्यांतून ओवणार, वर-खाली लूप सोडणार, ह्यात चार-पाच मिनिटं जायची. मंडळाचा सेक्रेटरी माइकवरून ओरडायचा, "रीळ बदलतंय, कुणी उठू नका!" आणि अण्णा मशीनकडे बघत हळूच मला विचारायचे, "किती उठली?"

मी मोजायचो. हाच त्यांचा निकाल. निम्मी गल्ली चहाला, मुतायला, पोरांना झोपवायला गेली की पिक्चर पडला. जागच्या जागी बसून शेजारच्याला "आता तो काय करणार सांग" असं विचारणं चालू असलं की पिक्चर चालला. अण्णा म्हणायचे, "आरं, गोष्ट पडद्यावर चालू असताना धरती का नाय ते कुणीबी सांगंल. पडदा पांढरा झाल्यावर चालू ऱ्हाती का, त्ये बघ." मी तेव्हा दहा वर्षांचा होतो, मान हलवायचो आणि छत्री सरळ करायचो.

एकदा तर मजाच झाली. कुठलातरी मारधाडीचा पिक्चर आणला होता, नाव घेत नाही कारण खरंच आठवत नाही, आणि डब्यांवरचे नंबर खोडलेले असल्यामुळे अण्णांनी दुसऱ्याच्या जागी तिसरं रीळ चढवलं. पाऊण तास कुणाला पत्ताच नाही! मारामाऱ्या चालू, गाणं झालं, परत मारामारी. मग त्यानंतर दुसरं रीळ लागलं आणि व्हिलनचा मगाशी दरीत पडून मेलेला भाऊ मस्त खुर्चीत बसून दारू पिताना दिसला तेव्हा पुढच्या रांगेतली मालवणी आजी म्हणाली, "अरे, ह्यो मगाशीच मेलो ना रे?" अण्णांनी शांतपणे उत्तर दिलं, "जुळा हाय त्यो." आणि गल्लीने ते मान्य केलं. मला आजही वाटतं की त्या डायरेक्टरची ह्याच्याइतकी बेइज्जती कुठल्या पेपरवाल्याने केली नसेल. रिळं पुढेमागे झाली तरी कुणाचं अडत नाही, मग त्यात गोष्ट होती कुठे?

ह्याच्या बरोब्बर उलटा अनुभव ८२ सालचा. १८ जानेवारीला संप सुरू झालेला, अडीच लाखाच्या आसपास गिरणी कामगार घरी, आमच्या चाळीत तर दर तिसऱ्या खोलीत. ज्या भोंग्यावर आमची घड्याळं लागायची तो गप्प. वर्गणी किती जमणार? पावतीपुस्तक घेऊन गेलेले कार्यकर्तेच दारात उभे राहून लाजायचे. तीन पिक्चरच्या जागी एकच करायचा ठरलं आणि त्यावर मीटिंगमध्ये भांडण. तरुण पोरांना दादा कोंडके पाहिजे होते, लोकांना जरा हसू तरी दे म्हणाले, आणि त्यात तसं चूक काही नव्हतं. पण वाचनालय बघणारे एक काका होते, ते अडून बसले की 'सामना' आणा. कोण म्हणालं अहो काका, गाणी आहेत का त्यात? काका म्हणाले, आहेत, पुरेशी आहेत.

'सामना' ज्यांनी बघितलाय त्यांना सांगायला नको. तेंडुलकरांची पटकथा, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, निळू फुल्यांचा हिंदूराव धोंडे-पाटील, साखर कारखाना, सत्ता, माणसं खिशात, आणि त्याच्या गावात कुठूनतरी येऊन टेकलेला एक दारुडा मास्तर, डॉ. लागू. आणि तो मास्तर एकच प्रश्न विचारत राहतो, मारुती कांबळेचं काय झालं? बास. गोष्टीचं इंजिन एवढंच. धावपळ नाही, पाठलाग नाही, एक माणूस एक प्रश्न विचारतो आणि दुसऱ्याला त्याचं उत्तर द्यायचं नाही. पण त्यातली गंमत अशी की पाटील त्या मास्तरला हाकलून लावत नाही, पोसतो, दारू पाजतो, जवळ बसवतो, आणि आपण बघत राहतो की आता हा चिडेल, आता हा फुटेल.

त्या रात्री पावसाची बारीक भुरभुर होती. माझा हात छत्री धरून बधिर. पहिलं रीळ संपलं, दिवा लागला, सेक्रेटरीने माइक तोंडाजवळ नेला आणि काही न बोलता खाली ठेवला, कारण कुणी उठलंच नव्हतं. भिजत बसलेले. अण्णांनी विचारलं, किती? मी म्हटलं, दोन. ते दोघेही बिडी पेटवून तिथेच भिंतीला टेकून उभे राहिले होते, म्हणजे तसे ते उठलेलेही नव्हते. माझे वडील पुढे बसले होते, सात महिने घरी बसलेला माणूस, एरवी पिक्चरमध्ये घोरायचे, त्या दिवशी गुडघ्यांना हातांची मिठी मारून बसलेले मी मशीनमागून बघितले. ते नंतर ह्या पिक्चरबद्दल घरात एक शब्द बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर मात्र बोलणं झालं. आमच्या नळाची वेळ पहाटे साडेचार ते सहा, हंड्यांची रांग, आणि पिक्चरनंतरच्या सकाळी तिथे ज्या झोपल्या होत्या त्यांना ज्यांनी बघितला होता त्या स्टोरी सांगायच्या. एक मावशी होत्या, सांगण्यात एकदम पटाईत. त्यांनी अख्खा 'सामना' चार हंडे भरेपर्यंत सांगितला आणि ऐकणाऱ्या बायकांपैकी एकीने पाणी सांडेपर्यंत नळ बंद केला नाही. हे मी अण्णांना नंतर सांगितलं तर ते खूश. म्हणाले, जे नळावर सांगता येतं ती स्टोरी. मी विचारलं, आणि डायरेक्शन? म्हणाले, "त्येच नळावर सांगता येत न्हाई, तवा बाई म्हंती, अगं त्ये बघायलाच पायजेल."

हे मला दोन वर्षांनी कळलं, 'शोले' आणला तेव्हा. संप कधी मिटला असं कुणी जाहीर केलंच नाही, काहीजण कामावर परत गेले, काहीजणांना घेतलंच नाही, काही गावी गेले ते गेले, पण गणपतीची वर्गणी थोडी सुधारली होती. 'शोले' तीन तासांच्या वरचा, पाच रिळं, गल्लीत मुंगीला जागा नाही. लोकांना डायलॉग कॅसेटवरून पाठ, गब्बर तोंड उघडायच्या आधी गल्ली बोलायची. इतका आवाज की साउंड वाढवून उपयोग नाही. आणि मग तो सीन आला. संध्याकाळ, राधा हवेलीतले दिवे एकेक करून मालवतेय, समोर पायरीवर जय माउथ ऑर्गन वाजवत बसलाय. कुणी कुणाशी बोलत नाही. आणि आमची गल्ली, जी गब्बरला बोलू देत नव्हती, ती चिडीचूप. फक्त मशीनचा खडखडाट. सकाळी मी मुद्दाम नळावर जाऊन उभा राहिलो, मावशींनी ठाकूर सांगितला, बसंती करून दाखवली, वीरू टाकीवर चढवला, आणि इथे आल्यावर अडकल्या. "ती दिवे मालवते, आणि तो… वाजवतो. तसं काय होत नाही गो त्यात. पण बघायला पायजे."

त्याच रात्री अजून एक झालं. पिक्चर संपल्यावर आमच्यातला एक मित्र पैज मारायला लागला की ठाकूरचे हात कापताना रक्त उडालेलं त्याने स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय. मी म्हटलं मी पण बघितलंय. अजून चौघांनी बघितलं होतं. अण्णा रिळं उलटी गुंडाळत होते कारण सकाळी पेटी परत करायची होती, त्यांनी हँडल थांबवलं, ते रीळ शोधलं, आणि फिल्म बल्बसमोर धरली. १६ एमएमचं चित्र अंगठ्याच्या नखापेक्षा लहान. आम्ही सहा पोरं डोळे बारीक करून एकेक चौकट बघतोय. गब्बरच्या हातात तलवारी, ठाकूर, तलवारी, ठाकूरचं तोंड उघडं, आणि एकदम आजचा ठाकूर, शाल. मधे काहीच नाही! रक्ताचा थेंब नाही. मित्राने दोनदा पुढे-मागे करायला लावलं, त्याला वाटलं सेन्सॉरने कापलं असेल नाहीतर फिल्म तुटून जोडली असेल, पण तिथे जोड पण नव्हता. सेकंदाला २४ चित्रं, आणि जे आम्ही सहाजणांनी बघितलं ते त्यातल्या एकातही नव्हतं.

मग? मित्राने विचारलं. अण्णा म्हणाले, "मग काय, तुझं तू कापलंस." आणि हँडल फिरवायला लागले.

मी पुढे आयुष्यात सिनेमाचं काही केलं नाही, बँकेत लागलो. पण कुठलाही पिक्चर बघताना ते नखाएवढं चित्र डोळ्यासमोर येतं आणि बहुतेक वेळा चिडचिड होते. हल्ली सगळं दाखवतात ना. माणूस दुःखी आहे हे दिसत असतं, तरी तो बोलून दाखवतो की मी दुःखी आहे, वर व्हायोलिन, आणि तरी समजलं नसेल तर फ्लॅशबॅक. आपल्याला कापायला काही शिल्लकच ठेवत नाहीत. असो, हे वय झाल्याचं लक्षण असेल.

नंतर व्हिडिओ आला आणि अण्णांचं मशीन गेलं. रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने, एका रात्रीत तीन पिक्चर, रीळ बदलायची भानगड नाही, उलटा बघणारी मागची बाजू नाही. आम्हाला तेव्हा फार भारी वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. अण्णा एक-दोन वर्षं नुसतेच आरतीला यायचे, मग नाही आले.

मागच्या गणपतीत बऱ्याच वर्षांनी गेलो. चाळ पाडून टॉवर झालाय, मंडळ पोडियमवर बसतं, आणि पोरांनी भलीमोठी एलईडी वॉल लावली होती. पिक्चर कुठला? 'अशी ही बनवाबनवी'! १९८८ चा, समोर बसलेली निम्मी पोरं तेव्हा जन्मलेली पण नाहीत. भाड्याची खोली मिळावी म्हणून पार्वती आणि सुधा बनून साड्या नेसलेले ते दोघे आले की टाळ्या. मी विचार करत होतो की ह्यात असं काय आहे, सगळ्यांना सगळं पाठ आहे तरी. मला वाटतं पहिल्या अर्ध्या तासात तो पिक्चर आपल्याला कटात घेतो. ह्या बायका बाया नाहीत हे त्या चौघा मित्रांना माहीत, आपल्याला माहीत, घरमालकीण बाईंना माहीत नाही. मग पुढचा प्रत्येक सीन पकडले जाण्याच्या काठावर आणि आपण त्या चौघांबरोबर पाचवे. पाचव्याला स्टोरी माहीत असून चालतं, त्याला पकडलं जाण्याचीच भीती असते.

सवयीने मी उठून पडद्याच्या मागे गेलो. एलईडीला मागची बाजू नसते, म्हणजे असते पण तिथे नुसत्या वायरी, लोखंडी पाइप, आणि गरम हवा फेकणारे छोटे पंखे. तिथे मंडळाचा टी-शर्ट घातलेला एक दहा-अकरा वर्षांचा पोरगा पाय हलवत बसलेला, वायरींना कुणी हात लावू नये म्हणून. मी विचारलं, अरे तुला काहीच दिसत नाही इथून. तो म्हणाला, "काका, मला कळतं काय चाललंय." पुढून मोठा हशा आला. "आता सरपोतदार आलेत," तो म्हणाला, "सत्तर रुपयेवाला." मग बोट वर करून गप्प राहिला, मनात काहीतरी मोजल्यासारखं, आणि बोट खाली आणलं तेव्हा अख्खं पोडियम परत हसलं.