किशोरीताईंचा भूप, परत एकदा

किशोरीताई आमोणकरांची भूप आणि बागेश्री हे दोन राग असलेली एलपी, म्हणजे मोठी तबकडी, आमच्या घरी बाबांनी आणलेली, मग मी कॅसेट घेतली, मग सीडी, मग फोनवर आलं, आणि आता परत एलपी शोधतोय. बायको म्हणते अरे तेच गाणं ना ते? हो, तेच, पण ऐकणं तेच राहत नाही.

एलपी मिनिटाला ३३⅓ फेरे फिरते आणि एका बाजूत जेमतेम वीसेक मिनिटं मावतात, त्यामुळे ताईंना अख्खा भूप तेवढ्यात मांडायला लागला, आणि काय मांडलाय! 'प्रथम सूर साधे' ही बंदिश विलंबितात, म्हणजे संथ लयीत, अगदी निवांत, कुठेच घाई नाही, आणि मग 'सहेला रे' आलं की अंगावर काटा येतो, अजूनही. बाजू संपली की उठायचं, तबकडी उलटायची, सुई अलगद ठेवायची. तेवढ्यात भूप जरा मुरतो. भूप संध्याकाळ सरताना गायचा, बागेश्री पार रात्रीचा, मधे थोडं थांबायलाच हवं. सीडीवर आवाज स्वच्छ, खरखर नाही, पण दोन रागांमधे चार-दोन सेकंद फक्त, आणि फोनवर तर भूप संपला की ॲप भलतंच काहीतरी लावतं, त्याचा मला खरंच राग येतो.

कॅसेट मात्र टाकवत नाही, प्रवासात तीच सोबत असायची.

कुणाकडे चांगल्या अवस्थेतली एलपी असेल तर सांगा, कव्हर फाटकं असलं तरी चालेल, चरे नकोत.