पांढरा, लाल आणि कापडाचा जमाखर्च

स्नूकरच्या टेबलावरच्या टकरींचं गणित मांडत गेल्या नोंदीत स्टन शॉटपर्यंत आलो होतो. पांढरा बॉल (क्यूने, म्हणजे काठीने, मारायचा तो) अजिबात न फिरता, नुसता घसरत लाल बॉलवर सरळ आदळला की तो जागीच थांबतो आणि लाल त्याचा वेग घेऊन पळतो. दोघांचं वजन सारखं, टक्कर जवळपास पूर्ण लवचीक, त्यामुळे संवेग एका दणक्यात इकडून तिकडे. त्यात आता फारसं काही उरलं नाही.

या महिन्यात लोळणारा पांढरा घेतला, आणि खरी गंमत इथेच आहे.

लाल निळ्या बॉलच्या स्पॉटवर (टेबलाच्या मधोमध), पांढरा हातभर मागे, क्यू मध्याच्या वर, आणि जोर एवढाच की लाल वरच्या कुशनच्या अलीकडे थांबावा. पांढऱ्यावर व्हाइटबोर्डच्या पेनने एक रेघ (क्लबच्या मार्करला, म्हणजे टेबल सांभाळणाऱ्या माणसाला, आधी विचारा, आणि नंतर पुसा!). मोबाइलचा कॅमेरा सेकंदाला 240 फ्रेमवर. संथ गतीत दिसतं ते असं: टक्कर होताच पांढऱ्याची चाल जवळपास शून्य होते, पण रेघ गरगरतच राहते. निमिषभर तो एकाच जागी फिरतो, मग कापडाची पकड बसते आणि निघतो लालच्या मागे. लालचं नेमकं उलट. तो सुरुवातीला न फिरता घसरतो आणि मग लोळायला लागतो.

म्हणजे टक्करीत फक्त चाल गेली, फिरकी पांढऱ्याकडेच राहिली. भरीव गोळ्याचं गणित मांडलं की मूळ वेगाचे 2/7 शेवटी पांढऱ्याकडे आणि 5/7 लालकडे. बेरीज करून बघा, बरोबर 1. मला हे फार आवडलं. मध्ये घर्षण असूनही एकूण संवेग तेवढाच राहतो, कारण कापड लालला जेवढं मागे ओढतं तेवढंच पांढऱ्याला पुढे ढकलतं. ऊर्जेचा हिशेब मात्र असा जुळत नाही: फिरकीसकट धरलं तरी 29/49, म्हणजे सुमारे 59 टक्केच उरते. बाकीची कापडावर घासून उष्णतेत जाते.

लोळण्याचं अंतर वेगाच्या वर्गाप्रमाणे, म्हणून लालने पांढऱ्याच्या सव्वासहा पट जायला हवं. आमच्या टेबलावर ते पाचाच्या आसपास येतं. टक्कर पूर्ण लवचीक नसते, लवचिकता 0.95 धरली (1 म्हणजे पूर्ण लवचीक) तर गणितही सव्वापाच देतं, तेव्हा तक्रार नाही.

पांढऱ्याचं वजन तपासायलाच हवं. नियमानुसार एका सेटमधल्या बॉलच्या वजनात 3 ग्रॅमपेक्षा जास्त फरक चालत नाही, पण क्लबात पांढरा सगळ्यात जास्त झिजतो आणि बदललाही जातो. काटा नसेल तर स्वच्छ स्टन मारा: पांढरा किंचित मागे आला तर हलका, पुढे सरकला तर जड. अर्थात पुढे सरकण्यात लवचिकतेचाही थोडा हात असतो. त्यामुळे पांढऱ्याच्या जागी दुसरा लाल ठेवून तोच शॉट मारायचा आणि ताडून बघायचं.

पुढच्या खेपेला हाफ-बॉल, म्हणजे पांढऱ्याचा मध्य लालच्या कडेवर रोखून मारलेला शॉट. लोळणारा पांढरा मूळ रेषेपासून सुमारे 34 अंश वळायला हवा. (हा सगळा प्रांत कोरिओलिसने 1835 मध्येच नांगरून ठेवलाय; हो, पृथ्वीच्या फिरण्याने वारे वळतात त्या कोरिओलिस परिणामावाला तोच.) कुणाच्या क्लबात नुकतंच कापड बदललं असेल तर त्यावर अंतरांचं गुणोत्तर मोजून कळवा. कापड वेगवान असेल तर दोन्ही बॉल लांब जातील, गुणोत्तर मात्र बदलू नये.