पेठेची मॅच असेल तर

कोल्हापुरात फुटबॉलच्या मोठ्या मॅचला कुठल्याच संघाचं ‘घरचं मैदान’ नसतं. शिवाजी तरुण मंडळ शिवाजी पेठेतलं, पाटाकडील आणि बालगोपाल मंगळवार पेठेतले, दिलबहार रविवार पेठेतलं. भिडायचं मात्र सगळ्यांनी शाहू स्टेडियमवर, जुन्या रावणेश्वर तळ्याच्या जागेवर. स्कॉटलंडमधल्या डंडी शहरात दोन वैरी क्लब एकाच रस्त्यावर आहेत, तरी त्यांची स्टेडियम वेगळी आहेत. आपल्याकडं दोन पेठांची हद्द थेट गॅलरीत येते आणि मॅच सुटल्यावर दोन्हीकडची पोरं त्याच रस्त्यांनी घरी जातात. आपल्याकडचे राडे बहुतेक इथंच होतात, खेळामुळं कमी आणि येण्याजाण्यामुळं जास्त.

राड्यांचं दुसरं कारण तालीम. एकाच नावाखाली कुस्तीचा आखाडा, गणपती, बऱ्याच ठिकाणी मोहरमचा पंजा आणि फुटबॉलचा संघ. चेंडूला कधी पाय न लावलेला माणूससुद्धा संघाची वर्गणी देतो, कारण ती तालमीची असते. म्हणून एप्रिलमधला पराभव विसर्जन मिरवणुकीपर्यंत पुरतो. ही ईर्षा कोल्हापूरच्या फुटबॉलचा जीव आहे, ती कमी व्हावी असं मला अजिबात वाटत नाही. ती गॅलरीत राहावी, एवढ्यासाठी मॅचला जाणाऱ्यांनी करायची ही तयारी.

आधी झेंडा. बांबूची काठी गेटवर अडते, आणि अडायलाच हवी. सहा फूट बाय चार फूट सॅटिनचं कापड घ्या, चारी कडा दुमडून दुहेरी शिलाई मारा, कोपऱ्यांना नाड्या लावा. दोघांनी दोन टोकं धरली की काठी लागत नाही. सुती कापड घामानं आणि पाण्यानं जड होतं, तासाभरात हात भरून येतात.

हलगी कातडी असेल तर तालमीतच शेकून, कोरड्या कापडात गुंडाळून न्या. स्टेडियमच्या आत किंवा गेटजवळ ती शेकायला कागद पेटवायचा नाही. संध्याकाळी हवेत ओल आली की कातडं सैल पडतं आणि आवाज बसतो. त्यासाठी फायबरच्या पानाची एक हलगी जोडीला ठेवा. शिट्टी मात्र कुणाच्याही खिशात नको. प्रेक्षकातल्या शिट्टीनं खेळात व्यत्यय आला तर रेफ्री खेळ थांबवतो आणि ड्रॉप बॉलनं, म्हणजे चेंडू हातातून खाली सोडून, पुन्हा सुरू करतो. आपलाच फॉरवर्ड गोलसमोर एकटा असताना हे झालं, तर ती चढाई आपल्याच माणसानं मारली.

बसायची जागा आधी ठरवा आणि पोरांना एकाच गेटनं एकत्र आत न्या. उशिरा आलेले पाच-सहा जण जागा शोधत समोरच्या पेठेच्या गॅलरीत शिरतात, तिथंच पहिली ठिणगी पडते. प्रत्येक पन्नास पोरांमागे तालमीतली पाच वडीलधारी माणसं ठेवा, ज्यांनी ‘खाली बस’ म्हटलं की पोरगं बसतं. पोलिसाच्या काठीपेक्षा त्यांचा शब्द लवकर पोहोचतो. पाण्याच्या बाटल्या आत नेऊ नका. कोलकात्यात 16 ऑगस्ट 1980 ला ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगालच्या मॅचमध्ये मैदानावरची धुसफूस गॅलरीत पोहोचली आणि 16 प्रेक्षक जिवाला मुकले. तेही एकाच शहरातले शेजारी होते.

सगळ्यात नाजूक वेळ टायब्रेकरची, म्हणजे बरोबरी झाल्यावर पेनल्टींवर निकाल लावायची. पेनल्टी कुठल्या गोलवर मारायच्या हे रेफ्री नाणेफेकीनं ठरवतो. पण मैदानाची अवस्था किंवा सुरक्षितता आड येत असेल तर नाणं न उडवताही गोल निवडू शकतो. एखादा गोल एका पेठेच्या अगदी पुढ्यात येत असेल, तर दोन्ही संघांच्या व्यवस्थापकांनी मॅचआधीच संयोजकांच्या कानावर घालावं. दुसरी नाणेफेक पहिली किक कुणाची यासाठी असते. या वेळी गोलमागं गर्दी करू नका. निकाल लागला की तिथूनच पोरं आत उतरतात.

खेळाडूंनाही सांगून ठेवा. गोल झाल्यावर समोरच्या गॅलरीपुढं जाऊन डिवचलं तर पिवळं कार्ड, शर्ट काढला तरी पिवळं. दोन्ही एकाच मॅचमध्ये केलं तर गडी बाहेर आणि उरलेला वेळ दहा जणांवर.

शेवटची शिट्टी झाली की हरलेल्या पेठेला आधी जाऊ द्या. जिंकलेल्यांनी पंधरा-वीस मिनिटं जागेवरच हलगी वाजवावी, तोवर रस्ता मोकळा होतो. मग झेंडे गुंडाळायचे, सायलेन्सर काढलेल्या गाड्या आधीच घरी ठेवलेल्या असायला हव्यात आणि परतीचा रस्ता समोरच्या तालमीच्या दारावरून न्यायचा नाही, लांब पडला तरी. समोरच्याला चिडवणारं स्टेटस त्या रात्री टाकू नका. गुलाल आपल्या तालमीसमोर उधळा. तिथं रात्रभर वाजवलं तरी पेठ काही म्हणत नाही.