‘वहिनी, त्यांना आवरत का नाही?’ तुम्ही विचारलंत म्हणून

लग्नात, बारशात, अगदी भाजी घेताना बेळगावच्या मारुती गल्लीत गाठ पडली तरी मला हे विचारलं जातं. ‘वहिनी, तुम्ही त्यांना आवरत का नाही?’ आमच्या यांना एडीएचडी आहे, म्हणजे लक्ष टिकत नाही आणि मनात आलेलं थोपवता येत नाही, हे आता बहुतेक पाहुण्यांना ठाऊक झालंय. तरी प्रश्न संपत नाही. शिकलेला माणूस, हिशेबाला पक्का, मग बोलण्याआधी जरा थांबायला काय होतं?

शहापुरात आमचं साड्यांचं दुकान आहे. मागे गोव्याहून आलेली एक बाई साडीचा पदर उलटून बघत होती. किंमत विचारली नव्हती, तोंड वाकडं केलं नव्हतं, नुसती ‘हं’ म्हणाली. तेवढ्यात हे बोलून मोकळे, ‘दोनशे कमी करतो, घ्या!’ कशातले दोनशे, हे तिलाही कळेना. साडी घेऊन ती पायऱ्या उतरते न उतरते तोच हे माझ्याकडे वळले, ‘ती तशीही घेणारच होती, न्हवं?’

म्हणजे बघा, कळत होतं. रसेल बार्कली या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 1997 साली हीच मांडणी केली: या आजाराचं मूळ स्वतःला थोपवण्याची ताकद कमी पडण्यात आहे. काय करावं याचं ज्ञान असतं, ते ऐन वेळी हाताशी येत नाही. मेंदूच्या पुढच्या भागाचं हे काम. डोपामाइन आणि नॉरॲड्रेनलिन या रसायनांचा त्यात मोठा वाटा. म्हणून आदल्या दिवशीचा उपदेश यांना पाठ असतो आणि गिऱ्हाईक समोर आलं की उपयोगी पडत नाही. नंतरची बोलणी तर बैल गेला आणि झोपा केला यातलीच.

निदानासाठी आम्ही धारवाडला गेलो. आमच्याकडे ‘धारवाडला न्यायला पाहिजे’ म्हणजे माणूस वेडा झाला, त्यामुळे घरात दोन दिवस सुतक असल्यासारखं. तरी सासूबाईंना नेलं ते बरं झालं. मोठेपणी निदान करतानाही लक्षणं वयाच्या बारा वर्षांआधी होती का, हे तपासावं लागतं, आणि ते आईशिवाय कोण सांगणार? त्या सुरू झाल्या, ‘गुरुजींचा प्रश्न संपायच्या आत हा उत्तर ओरडायचा बघा. छड्या खाल्ल्या, तरी तेच.’ मग आपणहून सासऱ्यांवर घसरल्या. चिंचलीच्या मायाक्काच्या जत्रेत बैल नुसते बघायला गेले आणि जोडी घेऊन आले. घरची शेती एक गुंठाही नव्हती! डॉक्टर हसले, पण लिहून घेतलं. हा आजार घराण्यात उतरतो, आणि पुष्कळ उतरतो.

गोळी सुरू आहे, मिथाइलफेनिडेट. ही उत्तेजक, मग आधीच उतावीळ माणसाला कशी देतात, असं आमच्या जाऊबाईंनी विचारलं होतं. ती त्याच रसायनांचा प्रभाव वाढवते, त्यामुळे आवर घालणं सोपं जातं. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही. भूक मरते, रक्तदाब बघत राहावा लागतो. आणि गोळीचा अंमल ठरावीक तासांचाच. रात्री दहानंतर मोबाइलवर खरेदी सुरू झाली की ती कामाची नाही.

म्हणून आवर घालायचा तो ऐन जागेवर, माणसाबाहेर. दुकानात किंमत मी सांगते, हे फक्त घड्या उलगडून दाखवतात, आणि ते काम त्यांच्याइतकं कुणाला जमत नाही. फोनपेला जोडलेल्या खात्यात आठवड्याच्या खर्चापुरतेच पैसे. गल्लीच्या व्हॉट्सॲप गटाचं नोटिफिकेशन बंद. 1 नोव्हेंबरच्या आसपास तर गटातूनच बाहेर. एकीकडे कर्नाटकाचा राज्योत्सव, दुसरीकडे सीमाभागातल्या मराठी माणसांचा काळा दिन, आणि यांचं बोट विचाराच्या आधी चालतं.

एक सांगून ठेवते, नाहीतर उद्या प्रत्येक तापट नवरा हे नाव पुढे करील. बँकेच्या साहेबासमोर गप्प बसणारा आणि घरी येऊन बायकोवरच तोंड सोडणारा माणूस मला या आजाराचा वाटत नाही. आमचे हे बँकेच्या साहेबालाही मध्येच तोडतात. कर्ज मागायला गेलेले असतानासुद्धा.

आता तुमच्याबद्दल थोडं, राग मानू नका. आवरत का नाही म्हणून विचारणाऱ्यांतले बरेच जण रात्री यांनाच फोन लावतात, मला नाही. भिशीचा हप्ता भर, जामीन राहा, लग्नाच्या साड्या उधारीवर दे. कारण हे पहिल्या वाक्यालाच ‘हो’ म्हणतात, हे तुम्हालाही पक्कं माहीत आहे. तर यापुढे असं करा. रात्रीचं ‘हो’ धरू नका. सकाळी दहानंतर दुकानात या, चहा घ्या, आणि तेच परत विचारा. मी गल्ल्यावरच असते.