उंदीर कोणी खाल्ले?

प्राचीन वसाहतींतील प्राण्यांच्या हाडांविषयी पुण्यात कुठेही बोललो, की एक प्रश्न हमखास येतो: उत्खननात उंदरांची आणि चिचुंद्र्यांची हाडे सापडतात, म्हणजे तेव्हाची माणसे उंदीर खात होती का? तुम्हीही तोच विचारलात, म्हणून जरा सविस्तर लिहितो. काही ठिकाणी खात असतीलही. आजही खाणारे समाज आहेत आणि त्यात नाक मुरडण्यासारखे काही नाही. परंतु गुहेत कड्याच्या आडोशाला किंवा पडक्या भिंतीच्या पायथ्याशी अशा बारीक हाडांचा दाट थर लागला, तर माझा पहिला संशय घुबडावर जातो.

घुबड लहान भक्ष्य सहसा अख्खेच गिळते. मांस पचते, केस, हाडे आणि दात यांची मात्र पोटात गोळी बनते आणि काही तासांनी घुबड ती चोचीवाटे टाकून देते. ससाणे आणि गरुड यांच्या तुलनेत घुबडाच्या जठरातील आम्ल सौम्य असल्यामुळे हाडे बऱ्यापैकी शाबूत बाहेर पडतात. गव्हाणी घुबडाची बसण्याची जागा तर वर्षानुवर्षे ठरलेली असते. खाली साचलेल्या गोळ्यांतील केसांचा कसर फडशा पाडते, हाडे तेवढी धुळीत उरतात.

जुन्या वाड्याच्या माळ्यावर मिळालेली अशी वाळकी गोळी कोमट पाण्यात भिजवून चिमट्याने उकलून पाहावी. राखाडी केसांच्या गुंत्यातून आधी कवटी निघते, मग खालचे जबडे, त्यांत नारिंगी झाक असलेले पटाशीचे दात. दात पांढरे आणि टोकदार असतील तर ती चिचुंद्री; ती मुळात उंदरांच्या कुळातली नव्हेच. डावे आणि उजवे जबडे वेगळे मांडून मोजले, की एका गोळीत किमान किती जीव होते ते कळते.

उत्खननातल्या हाडांवर खरी कसोटी लागते ती दातांवरच. ब्रिटिश अभ्यासक पीटर अँड्र्यूज यांनी १९९० मध्ये निरनिराळ्या शिकारी पक्ष्यांच्या आणि प्राण्यांच्या पोटातून गेलेली हाडे ताडून पाहिली, तेव्हा गव्हाणी घुबडाच्या भक्ष्याचे दात सर्वांत कमी झिजलेले आढळले; दिवसा शिकार करणाऱ्या पक्ष्यांच्या बाबतीत दातांवरचे कवच आम्लाने बरेच खाल्लेले असते, तर मांसाहारी सस्तन प्राण्यांच्या विष्ठेतील हाडांची दशा त्याहून वाईट. माणसाने खाल्ले असेल तर भाजल्याच्या किंवा कापल्याच्या खुणा शोधाव्या लागतात. आणि डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात खणलेल्या इनामगावसारख्या, धान्य साठवणाऱ्या वस्तीत तिसरी शक्यता आधी बाद करावी लागते, ती म्हणजे नंतरच्या काळात बीळ करून जुन्या थरात शिरलेला आणि तिथेच मेलेला उंदीर. अर्थात माती बारीक जाळीच्या चाळणीतून गाळलीच नसेल, तर हा सगळा ऊहापोह व्यर्थ आहे.

घुबडाने जमवलेली ही हाडे भोवतालच्या परिसराची साक्ष देतात, कारण ते फार दूर शिकारीला जात नाही. इंडोनेशियातील फ्लोरेस बेटावरच्या लिआंग बुआ गुहेत सुमारे ६० हजार वर्षांपूर्वीच्या थरांपासून मोकळ्या गवताळ जागेतील उंदीर कमी होऊन झाडीतल्या उंदरांचे प्रमाण वाढते, यावरून तिथला परिसर बदलल्याचे अनुमान निघाले. अशा अनुमानांना मी मान देतो, पण एक शंका मनात ठेवूनच. गव्हाणी घुबड उघड्या रानात उंदीर-चिचुंद्र्या टिपते. पुण्याभोवतीच्या टेकड्यांवर आणि खाणींच्या कड्यांवर राहणारे शृंगी घुबड मोठ्या घुशी, ससे आणि पक्षीही मारते. मग एखाद्या गुहेत हाडांचा मेळ बदलला, तर हवामान बदलले की नुसता तिथला रहिवासी बदलला, हे आधी तपासायला नको का?

आता पुन्हा तुमच्या प्रश्नाकडे. गव्हाणी घुबड माणसाच्या शेजाराला फारसे बिचकत नाही हे खरे, तरीही धुराने भरलेल्या, रात्रंदिवस वावर असलेल्या गुहेत पिढ्यान्‌पिढ्या मुक्काम ठोकणे त्याला जमणारे नाही. म्हणून चुलीची राख नाही, अवजारे नाहीत आणि न भाजलेली बारीक हाडे मात्र खच्चून भरलेली आहेत, असा थर लागला, तर त्या थरापुरते माझे उत्तर असे, की उंदीर खायला तेव्हा तिथे माणसे बहुधा नव्हतीच.