सँ-दनी: फ्रान्सच्या राजांच्या उशापायथ्याशी

पॅरिसला जाणाऱ्या प्रत्येकाला मी एकच गोष्ट सांगते: एक सकाळ सँ-दनीच्या चर्चसाठी ठेवा. शहराच्या उत्तरेला, मेट्रोच्या 13 नंबर लाइनवर 'बासिलिक द सँ-दनी' स्टेशन आहे. तिथून चर्च चालत काही मिनिटांवर. एक मात्र लक्षात ठेवा. या लाइनला पुढे दोन फाटे फुटतात, त्यामुळे 'सँ-दनी युनिव्हर्सिते'कडे जाणारीच गाडी पकडायची. आम्ही पाटी न वाचता चढलो आणि भलत्याच फाट्यावर गेलो. उलट येण्यात अर्धा तास गेला, आईचे पायही दुखायला लागले.

समोरून चर्च एका बाजूला लंगडं वाटतं. उत्तरेचा मनोरा वादळांमुळे कमकुवत झाला म्हणून 19व्या शतकात उतरवला होता. आता तो पुन्हा उभारायचं काम सुरू झालंय.

गॉथिक या बांधकामशैलीचा जन्म इथला मानतात. मठाधिपती सुजेर याने बांधून घेतलेला पूर्वेकडचा भाग 11 जून 1144 रोजी खुला झाला. टोकदार कमानींमुळे छताचा भार बारीक खांबांवर पेलला गेला, मधल्या जाड भिंतींची गरज उरली नाही आणि त्या जागी काचा आल्या. वेदीमागच्या प्रदक्षिणामार्गावर सकाळी उभं राहिलात तर हे कुणी समजावून सांगावं लागत नाही. लाल-निळा उजेड थेट फरशीवर सांडलेला असतो. मधल्या देवळीतल्या काचेत मेरीच्या पायाशी लोटांगण घातलेला एक छोटासा माणूस शोधा. तोच सुजेर. बऱ्याचशा काचा नंतरच्या काळातल्या आहेत, पण ही आकृती बघताना माझ्या अंगावर काटा आला.

पुढचा वेळ राखून ठेवा तो शयनमूर्तींसाठी. फ्रान्सचे बहुतेक राजे इथे पुरले गेले, आणि सत्तरहून जास्त दगडी मूर्ती आडव्या झोपलेल्या आहेत. चेहरे तर बघाच, पण पायांकडेही बघा: पुष्कळ राजांच्या पायाशी सिंह, राण्यांच्या पायाशी कुत्री. सिसिलीचा राजा असलेल्या आंजूच्या शार्लच्या हातात त्याचं हृदय आहे. बाराव्या लुईच्या समाधीवर राजा-राणी वर प्रार्थना करताना दिसतात, तर खाली तेच दोघे उघड्या प्रेतांच्या रूपात, शव टिकवण्यासाठी चिरलेल्या पोटावरच्या टाक्यांसकट. वाकून बघितलंत तरच ते दिसतं.

आई थांबली ती पहिल्या जाँपाशी. 1316 मध्ये जन्मतःच राजा झालेलं हे बाळ जेमतेम पाच दिवस जगलं. एवढीशी मूर्ती, तरी शाही थाटात निजवलेली. आईने हात जोडले आणि बराच वेळ तिथून हललीच नाही.

1793 मध्ये फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात क्रांतिकारकांनी थडगी फोडून अस्थी बाहेरच्या खड्ड्यांत टाकल्या. जुन्या कलावस्तू वाचवणारे अलेक्सांद्र लनुआर यांनी मूर्ती पॅरिसच्या संग्रहालयात हलवल्या, म्हणून आज त्या बघायला मिळतात. 1817 मध्ये अस्थी परत आणल्या तेव्हा कोण कुठला हे ओळखणं शक्य नव्हतं. सगळ्या एकत्रच तळघरात ठेवल्या आणि शेजारच्या काळ्या दगडांवर नावं कोरली. क्रांतीत शिरच्छेद झालेले राजा सोळावा लुई आणि राणी मारी आंत्वानेत यांचे अवशेष 1815 मध्ये पॅरिसहून इथे आणले. त्यांच्या साध्या काळ्या शिळाही तळघरातच आहेत.

चर्चच्या पुढच्या भागात फुकट जाता येतं. मूर्ती, प्रदक्षिणामार्ग आणि तळघर यांना तिकीट आहे, पण अनेक संग्रहालयांना चालणारा पॅरिस म्युझियम पास इथेही चालतो. रविवारी सकाळी प्रार्थना असते, त्यामुळे मूर्तींचा भाग दुपारी 12 नंतर उघडतो. सकाळचा उजेड हवा असेल तर दुसरा वार निवडा. मंगळवार किंवा शुक्रवार उत्तम, कारण त्या दिवशी शेजारी मोठा बाजारही भरतो. आत उन्हाळ्यातसुद्धा गारठा असतो, म्हणून वयस्कर माणसांसाठी शाल जवळ ठेवा. तळघराच्या पायऱ्या आईने माझा हात धरून सावकाश उतरल्या. दोन तास तरी हवेत, आम्हाला तीन लागले. नंतर बाजारातून संत्री घेतली आणि चर्चसमोरच्या चौकात बसून सोलून खाल्ली.