आकडा बरोबर होता

त्या दुपारी मी माणसं मोजली तेव्हा आकडा बरोबर आला. अकरा. अकरा पाहुणे घेऊन आले होते, अकरा डोकी मोजली आणि गाडी सोडली. एक माणूस मागे राहिलेलं असतानाही तो आकडा बरोबर आला, हे आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

मी टूर मॅनेजर आहे. पंधराच्या आतल्या छोट्या ग्रुपना परदेशात नेते. हा ग्रुप जॉर्डनचा होता, नोव्हेंबरातला. चार जोडपी, कॉलेजपासूनच्या दोन मैत्रिणी आणि एकटी आलेली एक अडतीस वर्षांची बाई. तिला इथे नुसतं 'ती' म्हणते.

बुकिंगच्या आधी ती माझ्याशी फोनवर अर्धा तास बोलली होती. तरुणांच्या ज्या टूर असतात त्यांना वयाची अट असते. कॉन्टिकीसारखी कंपनी १८ ते ३५ वयाचेच प्रवासी घेते. ज्येष्ठांच्या सहलींना तिचं वय कमी पडत होतं. आणि नेहमीच्या फॅमिली टूरमध्ये चाळीसजणांच्या बसमध्ये आपण एकटेच, हे तिने एकदा अनुभवलं होतं. सिंगल सप्लिमेंट, म्हणजे एकट्यासाठी खोली घेतल्याचे जादा पैसे, का द्यावे लागतात, हेही तिने नीट विचारून घेतलं. हॉटेल भाडं खोलीचं लावतं, माणसाचं नाही. दुसरा पलंग रिकामा राहिला तरी त्याचे पैसे कुणीतरी भरायचेच असतात. अनोळखी बाईबरोबर खोली वाटून घेतली तर ते वाचले असते, पण तशी दुसरी कुणी नव्हती आणि तिलाही स्वतःची खोली हवी होती. शेवटी तिने विचारलं, "ताई, बाकी सगळे जोडीने असणार. मला अवघड जाईल का?"

मी म्हणाले, "छोटा ग्रुप आहे. तुमच्याकडे माझं लक्ष असेल."

असं मी सगळ्यांनाच सांगते. मनापासूनच सांगते.

पहिले तीन दिवस छान गेले. मिनीबसमध्ये एका बाजूला दोन-दोन सीट आणि दुसऱ्या बाजूला एकेरी सीट असतात. दाराजवळची एकेरी सीट तिची झाली होती. जेवताना ती कुणाच्याही टेबलाला सहज बसायची. अशी माणसं ग्रुपला त्रास देत नाहीत, वेळेवर येतात, तक्रार करत नाहीत, आणि म्हणूनच मॅनेजरच्या डोळ्यांपुढून निसटतात. हे मला तेव्हा कळायला हवं होतं. पंधरा वर्षं मी हे काम करते आहे.

चौथ्या दिवशी पेट्रा, डोंगरात कोरलेलं प्राचीन शहर. सकाळी सातला आम्ही आत शिरलो. सीक म्हणजे सव्वा किलोमीटरची अरुंद घळ, दोन्ही बाजूंना उभे कडे, आणि तिच्या शेवटी अचानक समोर येणारा, 'खजिना' म्हणतात त्या कड्यात कोरलेल्या वास्तूचा गुलाबी दर्शनी भाग, जवळजवळ चाळीस मीटर उंच. पण आमचा स्थानिक गाईड सीकच्या तोंडाशीच थांबला. तिथे एक बांध आहे आणि बाजूला डोंगरातून खोदलेला बोगदा. हे शहर वसवणाऱ्या नबातियन लोकांनी पुराचं पाणी घळीत शिरू नये म्हणून ते असं बाहेरून वळवलं होतं. पुढे बांध निकामी झाला. १९६३ च्या एप्रिलमध्ये याच घळीत पुराचा लोंढा आला आणि वीसहून अधिक फ्रेंच पर्यटक बुडाले. त्यानंतर बांध पुन्हा बांधला. तरीही नोव्हेंबर २०१८ मध्ये पूर आला तेव्हा इथून साडेतीन हजारांहून अधिक लोकांना बाहेर काढावं लागलं.

बाकीचे फोटोत गुंतले होते. तिने विचारलं, "पण मग पाऊस दिसल्यावर लोक निघून का गेले नाहीत?"

गाईड म्हणाला, "इथे पाऊस दिसतच नाही. तो वर डोंगरात पडतो. उघडा खडक पाणी मुरू देत नाही, सगळं खाली येतं. इथे ऊन असतानाही लोंढा येऊ शकतो. अशा वेळी घळीकडे पळायचं नाही. उंचावर जायचं आणि तिथेच थांबायचं."

तिने मान डोलावली. बाकी कुणी हे किती ऐकलं, मला माहीत नाही.

साडेअकराला कस्र अल-बिंत या जुन्या देवळापाशी मोकळा वेळ दिला. तीनला परत तिथेच भेटायचं ठरलं. तिथून वर अद-दैर या डोंगरावरच्या कोरीव वास्तूकडे जाणारी वाट आहे, आठशेहून अधिक पायऱ्या, चढायला पाऊण तास तरी लागतो. काका-काकूंना गुडघ्यांची काळजी, ते खालीच राहिले. दोघी मैत्रिणी स्तंभांच्या रस्त्याने दुकानं बघत गेल्या. ती म्हणाली, "मी वर जाऊन येते." मी म्हटलं, "या." एवढंच आमचं बोलणं झालं.

पाऊण वाजता गाईडचा फोन वाजला. पूर्वेकडच्या डोंगरात जोराचा पाऊस सुरू झाला होता आणि सीक बंद करत होते. सगळ्यांनी मागच्या रस्त्याने उम्म सैहून गावाकडे निघायचं. आमच्या डोक्यावर तेव्हा फक्त थोडे ढग होते. पोलिसांच्या गाड्या, पिकअप, जे मिळेल त्यातून माणसं वर नेत होते. आरडाओरडा नव्हता, पण घाई होती. एकेक करत माझी मंडळी जमली. मी मोठ्याने विचारलं, "सगळे आलेत का?" तीन-चार जणांनी एकदम "हो हो" म्हटलं.

ते खोटं बोलत नव्हते. प्रत्येकाने आपल्या शेजारी बघितलं होतं. नवऱ्याला बायको दिसली, बायकोला नवरा, मैत्रिणीला मैत्रीण. प्रत्येकाचं माणूस हजर होतं. कुणाच्याच शेजारी जागा रिकामी नव्हती.

पहिल्या गाडीत गाईडने सहा जण बसवले आणि मला सहा बोटं दाखवली. दुसऱ्या गाडीत मी चढले, आतली डोकी मोजली, पाच. सहा आणि पाच अकरा. निघालो. त्या पाचांत मी स्वतःला मोजलं होतं.

वर गावाच्या कडेला आमची मिनीबस येऊन उभी होती. पाण्याच्या बाटल्या वाटल्या, एका काकांना चक्कर येत होती, त्यांना पुढे बसवलं, ऑफिसला कळवलं. मग दाराजवळच्या एकेरी सीटवर तिची निळी ओढणी दिसली. सकाळी थंडीसाठी आणलेली, ऊन वाढेल म्हणून ठेवून गेलेली.

मी मागे वळून विचारलं, "त्या कुठे आहेत?" मैत्रिणींना वाटत होतं, ती पहिल्या गाडीत असेल. काकूंना वाटलं होतं, ती माझ्याबरोबर आहे. घड्याळ बघितलं. खाली मोजणी केली त्याला पंचवीस मिनिटं झाली होती.

फोन लागेना. मेसेजवर एकच टिक. मला खाली जायचं होतं, पोलिसांनी अडवलं आणि त्यांचं बरोबर होतं. गाईड त्यांच्या वायरलेसवरून वर्णन सांगत होता, "एकटी बाई, राखाडी जॅकेट, अद-दैरच्या वाटेवर." मी रस्त्याच्या कडेला उभी होते. थोड्या वेळाने खालच्या ओढ्यातून आवाज यायला लागला, मग पाणी दिसलं, तांबडं, मातीने जड झालेलं, जिथे तासाभरापूर्वी लोक चालत होते तिथून. आमच्याकडे अजून पावसाचा थेंब नव्हता. त्या वेळात मी मनाशी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही.

सव्वादोनला वायरलेसवर निरोप आला. वर अद-दैरपाशी बेदुइन लोकांची चहाची टपरी आहे. तिथे पंधरा-वीस पर्यटकांना थांबवून ठेवलं होतं आणि त्यांत राखाडी जॅकेटवाली एक बाई होती. पाणी ओसरल्यावर, साडेचारच्या सुमाराला, पोलिसांनी त्या सगळ्यांना खाली आणून वर गावात सोडलं. ती गाडीतून उतरली, बूट चिखलाने भरलेले, चेहरा शांत. काकूंनी तिला मिठी मारली. मी तिचा हात धरला आणि सोडायचं विसरले.

खरं तर त्या दोन तासांत ती आमच्यापेक्षा जास्त सुरक्षित जागी होती. तिने सकाळी ऐकलेलं लक्षात ठेवलं आणि खाली धावली नाही. पण त्यात माझं काहीच श्रेय नाही.

रात्री हॉटेलच्या लॉबीत ती माझ्याशेजारी येऊन बसली. म्हणाली, "ताई, एक विचारू? मी नाही, हे किती वेळाने कळलं?"

"पंचवीस मिनिटांनी," मी सांगितलं. कसं झालं तेही सांगितलं, स्वतःला मोजलं तेसुद्धा. माफी मागितली.

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "वर चहावाल्या बाईने मला दोनदा विचारलं, तुझी माणसं कुठे आहेत? मी म्हटलं, खाली आहेत, थांबली असतील."

यावर मला बोलता आलं नाही.

मी म्हटलं, उद्यापासून तुम्ही त्या दोघी मैत्रिणींबरोबर राहा, तिघी एकत्र. तिने लगेच मान हलवली. "नको. मला कुणाच्या जोडीला लावू नका. मी एकटी फिरायला आलेय, ग्रुप घेतलाय तो फक्त परक्या देशात पाठीशी कुणी असावं म्हणून. फिरण्यात चूक नव्हती, मोजण्यात होती."

तिचं म्हणणं मला पटलं. तेव्हापासून मी डोकी मोजत नाही. प्रत्येकाला पहिल्या दिवशी एक नंबर देते आणि गाडी सुटण्याआधी ज्याने त्याने आपला नंबर स्वतःच्या तोंडाने म्हणायचा, नवऱ्याने बायकोचा नाही. एकट्या आलेल्या माणसांपासून आकडे सुरू होतात. मला नंबर नसतो. आणि मोकळ्या वेळात कोण कुठल्या दिशेला गेलं ते हातातल्या कागदावर लिहिते, मग ते दहा मिनिटांसाठी का असेना. रोमिंग सुरू आहे का, हे विमानतळावर मी प्रत्येकाच्या फोनवर स्वतः बघते. तिचं सुरू नव्हतं, ती हॉटेलच्या वायफायवर भागवत होती, आणि तीन दिवसांत मी एकदाही विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वादी रमच्या वाळवंटात दोन जीप होत्या. निघताना मी कागद काढला. "एक," ती म्हणाली. मग दोन, तीन, अकरापर्यंत.

वाटेत लाल वाळूची मोठी टेकडी लागली. बाकीचे पायथ्याशी फोटो काढत राहिले. तिने बूट काढून माझ्याजवळ ठेवले, "वर जातेय, वीस मिनिटं," असं सांगितलं आणि एकटीच चढायला लागली. मी वेळ लिहून घेतली, दहा वाजून पाच मिनिटं, आणि ती खाली येईपर्यंत तिथेच बघत उभी राहिले.